किती वाजले

१

गाडीची नाडी बघतो म्हणून त्याला सगळे वैद्य म्हणत. खरं नाव गॅरेजच्या पाटीवर होतं, पण पाटीवर गंज चढूनही आता बरीच वर्षं झाली होती. गाडी आली की वैद्य आधी बॉनेट उघडत नसे. इंजिन चालू ठेवायला सांगायचा, डोळे मिटून शेजारी उभा राहायचा आणि मग म्हणायचा, "तिसरा प्लग" किंवा "टॅपेट सैल आहे." दहातल्या नऊ वेळा तेच निघायचं. दहाव्या वेळी तो म्हणायचा, की गाडीच खोटं बोलतेय.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला विटकरी रंगाची जुनी गाडी दारात येऊन थांबली तेव्हा मात्र त्यानं डोळे मिटले नाहीत. ती गाडी त्याला पाठमोरीसुद्धा ओळखता आली असती.

धाकटी खाली उतरली. वैद्याच्या धाकट्या भावाची बायको. नवरा गेल्याला दोन वर्षं झाली होती आणि त्या दोन वर्षांत तिनं या गॅरेजात पाऊल टाकलं नव्हतं. आताही ती उंबऱ्याच्या अलीकडेच थांबली.

"दादा, ही उभी राहिली की थरथरते. चालताना काही नाही. सिग्नलला थांबलं की हिवताप भरल्यासारखी. काल तीनदा बंद पडली. मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून जीव खातात."

"तू चालवत आणलीस?"

"मग काय, तिनं मला चालवत आणलं?"

वैद्याला हसू आलं. ही अशीच होती. दुःखानं तिची जीभ बोथट झाली नव्हती, एवढं एक बरं झालं होतं.

"सोमवारपासून कामावर रुजू व्हायचंय," ती म्हणाली. "तपासणीच्या लॅबमध्ये. पार दुसऱ्या टोकाला. सातला हजर राहायचं, आणि जाताना पोरीला शाळेत सोडायचं. बसनं जमणार नाही. दोन वर्षं ही झाकून ठेवली होती, आता हिलाही कामाला लावायची. दुसऱ्या कुणाकडे नेणार होते, पण म्हटलं, घरचा वैद्य असताना कशाला?"

"सोड इथे. उद्या सकाळी ये."

"नक्की ना? ही नोकरी मला हातची जाऊ द्यायची नाही."

"नक्की."

ती पायी निघून गेली. वैद्यानं गाडी ढकलून आत घेतली, चालू केली आणि आता मात्र डोळे मिटले.

इंजिन अडखळत होतं. त्यात नवल नव्हतं. दोन वर्षं उभी असलेली गाडी अडखळणारच. नवल वेगळंच होतं. ते दोनदा अडखळायचं, मग एक श्वासभर गुळगुळीत चालायचं, मग पुन्हा दोनदा. वैद्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पाच मिनिटं मोजलं. प्रत्येक वेळी दोन.

मिसिंगला वेळापत्रक नसतं. इंजिन चुकतं तेव्हा आंधळ्यासारखं चुकतं, कधी एकदा, कधी सलग चारदा. हे मात्र शहाण्यासारखं चुकत होतं. "बघू," वैद्य स्वतःशीच म्हणाला, आणि रबरी मुठीची पक्कड शोधायला गेला.

२

पद्धत साधी असते. चार सिलिंडरच्या चार वायरी. इंजिन चालू असताना एकेक वायर उपटायची. चांगल्या सिलिंडरची उपटली की इंजिन लगेच लंगडतं. आजारी सिलिंडरची उपटली तर काहीच फरक पडत नाही, कारण तो आधीच काम करत नसतो. मग चोर सापडला.

वैद्यानं पहिली उपटली, इंजिन लंगडलं. परत लावली. दुसरी, तिसरी, चौथी. चारही वेळा लंगडलं. म्हणजे चौघंही इमानदार होते.

तरी त्यानं प्लग काढले, घासले, फट मोजून परत बसवले. डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडून आतली हिरवट बुरशी पुसली. पॉइंट साफ केले. चालू केलं. इंजिनाचा आवाज जरा मोकळा झाला, पण अडखळणं होतं तिथेच होतं. दोन, श्वास, दोन, श्वास.

श्वास हा शब्द मनात आला तेव्हा त्याचा हात थांबला.

या दोघा भावांना बापानं एक रीत लावून दिली होती. गॅरेजात एवढा गोंगाट, की ओरडून घसा बसायचा. म्हणून गाडीखालच्या माणसानं पान्यानं लोखंडावर ठोकायचं. एक ठोका म्हणजे चालू कर. दोन म्हणजे मी बाहेर आहे. तीन म्हणजे मी आत आहे, कशाला हात लावू नकोस. आणि दोन ऐकले की लगेच काही करायचं नाही. एक पूर्ण श्वास घ्यायचा. तिसरा यायचा असेल तर तेवढ्यात येतो. याला दोघं भाऊ 'बापाचा श्वास' म्हणत. धाकट्यानं तर ही रीत घरीही नेली होती. तो न्हाणीघरात असला आणि कुणी दार ठोठावलं, की आतून लोटीचे तीन ठोके यायचे. सगळं घर हसायचं.

दोन वर्षांपूर्वी हीच विटकरी गाडी याच जागेवर जॅकवर होती. काम संपलं होतं. गाडीखाली आधाराला लावतात त्या लोखंडी घोड्या काढून झाल्या होत्या. तेवढ्यात धाकट्याला आठवलं, की पाना आतच राहिला. तो पुन्हा आत सरकला. वैद्य जॅकच्या दांड्यापाशी उभा होता. ठोके आले. दोन. वैद्यानं बापाचा श्वास घेतला, पूर्ण घेतला, आणि मग गाडी खाली घ्यायला दांडा फिरवला.

पुढचं सांगण्यात काही अर्थ नाही.

चौकशीला आलेल्या माणसाला त्यानं सांगितलं, दोन ऐकले. बायकोला सांगितलं, धाकटीला सांगितलं, भेटायला आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. आणि सगळ्यांनी मानलं, कारण ज्याचा कान इंजिनाची नाडी ओळखतो त्याला दोन आणि तीन कळत नाहीत असं कोण म्हणेल? म्हणजे चूक धाकट्याची. घाईत होता, दोन ठोकून बसला. त्याची घाई त्याला भोवली. असं ठरलं, आणि ठरलेलं कुणी पुन्हा उकरून काढलं नाही.

वैद्यानं इंजिन बंद केलं आणि जेवायला घरी गेला.

३

"फोन," थोरली, त्याची बायको, म्हणाली.

"काय?"

"तुमच्या खिशातला फोन कधीपासून गातोय. अख्खं गाणं म्हणून झालं त्याचं."

वैद्यानं खिशात हात घातला. फोन थरथरत होता. कुणीतरी गिऱ्हाईक. त्यानं बोलून ठेवून दिला.

"कामापुरते कान आहेत तुमचे," ती ताट वाढत म्हणाली. "इंजिन कुजबुजलं तरी ऐकू येतं, बायको ओरडली तरी नाही. आणि गॅरेजातला नळ काल पुन्हा चालू राहिला होता. शेजारचा येऊन सांगून गेला, धार लागलीये म्हणून. तुम्ही तिथंच असून तुम्हाला कळत कसं नाही?"

"कामात होतो."

"तर तर."

ती चेष्टेनं म्हणत होती, आणि चेष्टेनंच म्हणत राहो असं त्याला वाटत होतं. बारीक आवाज त्याच्या कानातून केव्हाच गळून पडले होते. फोनची रिंग, नळाची धार, वाटीवर वाजलेला चमचा. जाड, खालच्या पट्टीतले आवाज अजून नीट यायचे, म्हणून इंजिनांचं निभावून जात होतं. जे निसटायचं त्यासाठी त्यानं एक युक्ती काढली होती. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं आणि मूठ दातांत धरायची. आवाज दातांतून थेट डोक्यात शिरतो, कानाची गरजच पडत नाही. लोकांना वाटलं, वैद्यानं नवी विद्या शिकली.

बहिरा वैद्य कुणाला हवा असतो? म्हणून त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. आणि हे नेमकं कधी सुरू झालं, हे तर त्यानं स्वतःलाही फारसं सांगितलं नव्हतं.

"आत आली का ती?" थोरलीनं विचारलं.

"उंबऱ्यापर्यंत."

थोरलीनं हातातली पळी खाली ठेवली. "नवऱ्याला अरे-तुरे करायची ना ती, मला कसंतरीच व्हायचं. चारचौघांत काय ते. तो आला रे आला, की दारातूनच ओरडायची, 'आधी हात धू, मग बोल.' रोजचं होतं. आता वाटतं, एकदा तरी ऐकू यावं." तिनं डोळ्याला पदर लावला. "करून द्या हो तिची गाडी नीट. एवढं तरी आपल्या हातून होऊ दे."

वैद्य अर्ध्या ताटावरून उठला.

४

दुपारी त्याला दोष सापडला.

कार्बोरेटरच्या मागून एक रबरी नळी जाते. ती वाळून चिरली होती. बाहेरून दिसत नव्हती, पण बोटानं दाबली की चीर मिटायची आणि इंजिन एकदम शांत व्हायचं. बोट काढलं की पुन्हा अडखळायचं. फटीतून फुकटची हवा आत शिरत होती, त्यामुळे पेट्रोल कमी पडत होतं. गाडी चालताना हे जाणवत नाही, उभी राहिली की जाणवतं. धाकटी सांगत होती तसंच.

वैद्याला एवढं बरं वाटलं, की तो मोठ्यानं हसला. "हात्तिच्या! एवढ्याशा रबरानं सकाळपासून जीव घेतला!"

जुनी नळी कापून त्यानं नवी बसवली. जेट काढून फुंकला. आयडलिंगचा स्क्रू पाव फेरा आत, थोडा बाहेर, असं करत करत आवाज जागेवर आणला. मग नेहमीची परीक्षा. स्टीलचा पेला काठोकाठ पाण्यानं भरला आणि चालू इंजिनाच्या झाकणावर ठेवला. बापाच्या काळापासून हे असंच. पाणी सांडलं नाही आणि वर लाट उठली नाही, की काम झालं.

पाणी आरशासारखं उभं होतं. वरचा दिवा त्यात दिसत होता.

वैद्य कापडाला हात पुसत होता, तेवढ्यात दिवा हलला. पाण्यावर एक वर्तुळ उठलं, आणि त्याच वेळी कानात 'ठक' आलं. मग दुसरं वर्तुळ, दुसरं 'ठक'. म्हणजे अजून काहीतरी राहिलंय, असं वैद्य म्हणणार, तोच पाण्यावर तिसरं वर्तुळ उठलं. त्याच्याबरोबर मात्र काहीच ऐकू आलं नाही.

पाणी पुन्हा स्थिर झालं. श्वासभर. मग वर्तुळ, ठक. वर्तुळ, ठक. वर्तुळ.

त्यानं पेल्याची जागा बदलली. तेच. त्यानं पेला फडताळावर ठेवला, तिथे पाणी मुळीच हललं नाही. परत इंजिनावर ठेवला. तीन.

त्यानं लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनाच्या अंगाला टेकवलं आणि मूठ दातांत धरली. इंजिनाचं घुमणं डोक्यात भरलं. त्या घुमण्याच्या खाली ठोके होते. एक, दोन, आणि मग तिसरा, बारीक, पातळ, नळीवर पाना आपटल्यासारखा. तो दातांतून एवढा स्वच्छ आला, की वैद्याच्या डोळ्यांत पाणी आलं. असा आवाज त्यानं कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता.

मूठ दातांतून काढली की दोन. धरली की तीन.

तो बाकावर बसला आणि विचार करू लागला. विचार करणं हाच त्याचा धंदा होता. इंजिनाचं माउंटिंग सैल असेल. सायलेन्सरची पट्टी सुटून कुठेतरी आपटत असेल. जुन्या गाडीत शंभर गोष्टी वाजतात, आणि माणसाच्या मनात असेल तशाच त्या वाजतात. हे सगळं खरं होतं. बघायचं तर खाली जावं लागणार होतं.

या गाडीखाली तो तेव्हापासून गेला नव्हता.

५

त्यानं इंजिन बंद केलं. जॅक लावला, गाडी उचलली, चारही घोड्या लावल्या, एकेक हलवून पाहिली, पुन्हा हलवून पाहिली. मग चाकांच्या फळीवर उताणा झाला आणि आत सरकला. दारातून दुपारचं ऊन येत होतं. गाडीच्या पोटाखाली चांगलं दिसत होतं.

माउंटिंग घट्ट होतं. सायलेन्सरची पट्टी घट्ट होती. त्यानं पान्यानं प्रत्येक बोल्ट आवळून पाहिला. एकही फिरला नाही. धाकट्यानं आवळलेले होते ते. त्याचा हात जडच होता, बोल्ट सोडवताना पुढचा माणूस शिव्या घालायचा.

"शिव्या घालायला तरी ये," वैद्य पुटपुटला, आणि बोलून गेल्यावर त्याला स्वतःच्या आवाजाचीच भीती वाटली.

सवयीनं त्यानं स्क्रू-ड्रायव्हर सोबत आणला होता. सवयीनंच टोक चासीला टेकवलं आणि मूठ दातांत धरली. इंजिन बंद होतं. ऐकण्यासारखं काही नव्हतं.

एक.

लोखंड थंड होताना कुरकुरतं. हे कुणालाही माहीत असतं.

दोन.

गरम सायलेन्सर आकसतो, पट्ट्या ताणल्या जातात.

तीन.

तिसरा ठोका दूरवरून आला नाही. तो त्याच्या डाव्या खांद्यापाशी आला, जिथे अजून एका माणसाला झोपायला जागा होती. वैद्यानं मान वळवली नाही. छतासारख्या त्या काळ्या पत्र्याकडे बघत तो पडून राहिला, आणि त्याच्या डाव्या बाहीला हळूहळू ऊब लागली. शेजारी कुणी टेकलं की लागते तशी.

तो बाहेर कसा आला ते त्याला आठवत नव्हतं. कोपर सोललं होतं. फळी आतच राहिली होती. तो नळापाशी गेला, हात कोपरापर्यंत धुतले, तोंडावर पाणी मारलं आणि गाडीकडे पाठ न करता गॅरेज बंद केलं. गाडी तशीच वर राहिली, पेला तसाच इंजिनावर. सूर्य अजून मावळलाही नव्हता.

त्या संध्याकाळी थोरलीनं विचारलं, "झाली का गाडी?"

"झाली," तो म्हणाला. "इंजिनात काही दोष नाही."

६

शनिवारी सकाळी धाकटी सव्वाआठलाच हजर. वैद्य तिच्याही आधी आला होता, पण त्यानं अजून कशाला हात लावला नव्हता.

"झाली?"

"झाली. नळी चिरली होती. नवी घातली."

"देव पावला. मग खाली घ्या ना, अशी टांगून का ठेवलीये?"

वैद्य उठला. दिवसाउजेडी, बाजूला माणूस असताना, कालचं सगळं पोरकट वाटत होतं. त्यानं जॅक नीट लावून भार त्यावर घेतला आणि एकेक करून घोड्या काढल्या. आता गाडी नुसत्या जॅकवर होती. दांडा त्याच्या हातात होता. नेमकं त्याच जागी तो उभा होता. बॉनेट उघडं होतं आणि इंजिनावर कालचा पेला तसाच भरलेला होता.

धाकटीनं उंबरा ओलांडला. दोन वर्षांत पहिल्यांदा. ती गाडीजवळ येऊन उभी राहिली आणि पत्र्यावरून हात फिरवला. गाडीची दुसरी किल्ली तिच्या हातात होती.

"मी काल रात्री पोरीला पुन्हा तेच सांगितलं," ती म्हणाली. "आईबरोबर गाडीतून जायचं, पण रस्त्यात घाई करायची नाही. बाबानं घाई केली. दोन ठोकून बसला. एवढी वर्षं काम केलं आणि तीन मोजता आले नाहीत." तिनं किल्लीचा हात पेल्यापाशी टेकवला. "मला अजून राग येतो हो दादा. माणूस गेल्यावर राग जावा ना? जात नाही. रोज उठून त्याच्याशी भांडते मी मनातल्या मनात."

 त्याच्या तळहाताला दांडा घामानं चिकटला होता.

धाकटीनं एकदम मान वर केली. "किती वाजले?"

त्यानं घड्याळाकडे बघितलं. "साडेआठ होत आले."

"घड्याळात नाही," ती हळूच म्हणाली. "आत्ता. हे. किती वाजले?"

वैद्यानं पेल्याकडे बघितलं. पाण्यावरची वर्तुळं अजून काठाला लागत होती. तिची किल्ली पेल्याच्या अगदी जवळ होती. म्हणजे तिनं वाजवलं. म्हणजे तिला कळलं. थोरलीनं सांगितलं असेल नाहीतर तिला तिचंच कळलं असेल, आणि आता ती कानाची परीक्षा घेतेय. वाजलेलं त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं. पण काठाला लागणारी वर्तुळं त्यानं मोजली.

"तीन," तो म्हणाला.

"मलापण तीनच आले." तिचा चेहरा पांढरा पडला होता. "मी नाही वाजवले, दादा."

तिनं किल्ली खिशात टाकली. दोन्ही हात मोकळे करून त्याला दाखवले. पेल्यातल्या पाण्यावर पुन्हा वर्तुळ उठलं. दुसरं. तिसरं. त्याबरोबर तिचे ओठ हलत होते. न्हाणीघराच्या दारात उभी राहून ती असंच मोजत असेल, आणि मग हसत असेल.

"तो आत आहे म्हणतोय," ती म्हणाली.

"हो."

"दादा, त्या दिवशी किती वाजले होते?"

दोन वर्षं हा प्रश्न त्याला कुणीही असा विचारला नव्हता. सगळ्यांनी विचारलं होतं, काय झालं. त्याचं उत्तर त्याला तोंडपाठ होतं.

"तीनच असणार," वैद्य म्हणाला. "मला दोन ऐकू आले. बारीक आवाज मला येत नाहीत गं. त्याच्या आधी सहा महिन्यांपासून येत नव्हते. कुणाला बोललो नाही. त्यालासुद्धा नाही. त्यानं बरोबर ठोकले. त्याची काही चूक नव्हती. चूक माझी होती, आणि मी ती त्याच्या नावावर खपवली."

 बोलून झाल्यावरही दांडा त्यानं सोडला नाही.

धाकटी ओरडली नाही. रडलीही नाही. ती त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली, आणि त्या नजरेत माफी नव्हती, हे त्याला नीट दिसलं.

"दोन वर्षं मी त्याला शिव्या घातल्या," ती म्हणाली. "दोन वर्षं. पोरीच्या देखत."

पाण्यावर वर्तुळ उठलं. एक.

दोन.

वैद्यानं बापाचा श्वास घेतला. पूर्ण. छाती दुखेपर्यंत घेतला आणि सोडला. मग आणखी एक घेतला. मग तिसरा. डोळे पेल्यावरून हलू दिले नाहीत. पाणी स्थिर होतं, आणि त्यात वरचा दिवा दिसत होता.

दोन म्हणजे बाहेर.

त्याच्या बुटाला काहीतरी लागलं. त्यानं खाली बघितलं. काल आत राहिलेली चाकांची फळी गाडीखालून सरकत येऊन त्याच्या पायाशी थांबली होती. रिकामी होती. तिच्या कडेवर, धरून उठताना हात टेकतो तिथे, ताज्या ग्रीसची चार बोटं उमटली होती.

"धाकटे," तो म्हणाला, "जरा मागे हो."

तिनं ऐकलं नाही. ती गाडीकडे बघत नव्हती, आणि त्याच्याकडेही बघत नव्हती. ती त्याच्या खांद्यावरून मागे बघत होती, कोपऱ्यातल्या नळाकडे. उशिरा घरी आलेल्या माणसाकडे बघावं तसा तिचा चेहरा झाला होता. राग होता, आणि त्याखाली दुसरंही काही होतं.

"आधी हात धू," ती म्हणाली. "मग बोल."

वैद्याचे हात स्वच्छ होते. आणि लग्न होऊन या घरात आल्यापासून धाकटी त्याला कधी एकेरीत बोलली नव्हती.

नळ सुटला असेल तर त्याचा आवाज त्याला येणार नव्हता. कळायचं तर वळून बघावं लागलं असतं. त्यानं जॅकचा दांडा दोन्ही हातांनी धरून ठेवला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. ती ऐकत होती. मधेच मान हलवत होती. मग तिनं एकदा वैद्याकडे बघितलं, आणि पुन्हा ऐकू लागली.